लिहिता लिहिता शिकणे

शाळेचा आणि माझा संबंध लवकर तुटला. आमचे जळोची बारामतीला अगदी लागून; पण गावातून शहराच्या शाळेत जाणे आणि तिथे टिकून राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे जे थोडेफार शिकलो ते कारखान्याच्या फाटकापाशी. त्यातलेही निम्मे वाचून आले असेल, निम्मे मात्र लिहिण्यामुळे आले. आज त्याच विषयावर चार शब्द बोलायचे आहेत.

माणूस आधी शिकतो आणि मग लिहितो, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. एखादी गोष्ट आपल्याला समजली आहे असे मनातल्या मनात वाटत असते. कागदावर उतरवू लागलो की दुसऱ्याच ओळीला पेन अडते. जिथे अडते तिथेच आपले अज्ञान असते. लिहिण्याचा हा पहिला उपयोग. दुसरा उपयोग त्याहून मोठा. लिहिलेले चारजणांपुढे ठेवले की वाचणारा प्रश्न विचारतो, चूक दाखवतो, आणि लिहिणाऱ्याला पुन्हा शिकायला बसवतो.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मोरोपंतांनी याच बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने, पुराण सांगितले आणि आर्या रचल्या. त्यांच्यासमोर श्रोते होते हे विसरता कामा नये. पुढे छापखाना आला आणि श्रोत्यांचे वाचक झाले. १८४८ पासून लोकहितवादींची शंभराहून अधिक पत्रे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात आली. पहिले पत्र छापले तेव्हा गोपाळ हरी देशमुख पंचविशीत होते. पुढे १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध आला. फुले दांपत्याच्या शाळेत तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे झाले होते. मांग-महारांचे दुःख तिने स्वतःच्या शब्दांत मांडले. शिक्षण पुरे होण्याची वाट ती पाहत बसली असती तर तो निबंध आपल्यापर्यंत पोचला नसता.

पण आम्हा कामगारांना सर्वांत जवळचे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र सुरू केले. ते १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवू लागले. लोखंडे यांनी स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली होती. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या पाहा: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अपघात झाल्यास भरपाई. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढे ओरडून सांगायला अभ्यास लागत नाही. अर्धा तास, साडेसहा, पंधरा तारीख असे नेमके लिहायचे म्हणजे भोंगा केव्हा वाजतो, पगार कधी हाती येतो, हे सारे आधी माहीत करून घ्यावे लागते. लिहिण्याने तक्रारीची मागणी झाली. पुढे एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली.

हा रविवार मला कसा भेटला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक पत्रक काढले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हिशेब कसा करायचा ते त्यात सोपे करून सांगितले होते: शेवटच्या महिन्याच्या पगाराला तीसने भागा, पंधराने गुणा, नोकरीच्या वर्षांनी गुणा. पत्रक वाटले आणि मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी बॉयलरवर जन्म काढलेले एक म्हातारे गृहस्थ तो कागद घेऊन आले आणि म्हणाले, “भाऊ, तिसानं भागलंत. मग आपला रविवार कुठं गेला?”

मी कायदा उघडला. भागायचे होते सव्वीसने. महिन्यातले आठवड्याचे सुटीचे चार दिवस वजा करून. तेरा हजार पगार आणि वीस वर्षे नोकरी असेल, तर बरोबर रक्कम दीड लाख होते. माझ्या पत्रकाप्रमाणे एक लाख तीस हजारच. तोवर एका कामगाराने माझा कागद पाहून कमी रकमेवर सही करून टाकली होती. त्याची वीस वर्षे आणि माझी एक ओळ!

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचे पत्रक काढले; पहिल्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, चूक माझी असे लिहून. मग त्या कामगाराबरोबर अर्ज केला. कायद्याने दिलेला हक्क अशा सहीने बुडत नाही, हे तेव्हा शिकलो. उरलेले पैसे त्याला मिळाले, पण त्यात कित्येक महिने गेले. एवढा कायदा मला कोणत्याही वर्गात कळला नसता. आणि मी लिहिलेच नसते, तर माझी चूक माझ्याजवळ सुखाने राहिली असती.

आज छापखान्याची गरज उरलेली नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, एका बोटाने हजारांपुढे जाता येते. साधन चांगलेच आहे. पण दुसऱ्याचे आलेले तसेच पुढे ढकलणे म्हणजे लिहिणे नव्हे. टपालवाला पत्रे वाटतो म्हणून तो पत्रलेखक होत नाही. स्वतःच्या कामातली, स्वतः पाहिलेली एक गोष्ट घ्या. ती अशी लिहा की शेजारच्या माणसाला ती न विचारता समजेल. आकडा असेल तर दोनदा तपासा. आणि कोणी चूक काढली तर रागावू नका, त्याला बसायला सांगा. वाहवा करणारे पुष्कळ भेटतात; ‘रविवार कुठं गेला’ असे विचारणारा एखादाच.

ते म्हातारे गृहस्थ आता नाहीत. पण नवे पत्रक लिहून झाले की मी अजून ते त्यांच्या डोळ्यांनी एकदा वाचून पाहतो.