वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, माणूस कशावरून?

कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे मुक्की हे प्रवेशद्वार मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात येते. महाराष्ट्रातील गोंदियाला खेटून असलेल्या या जिल्ह्यात मराठी कानांना परकी नाही. कान्हाचा ‘मुन्ना’ हा वाघ देशभर गाजला तो कपाळावरील पट्ट्यांमुळे. त्यांत पर्यटकांना ‘कॅट’ हा इंग्रजी शब्द लिहिलेला दिसे. अशी खूण नसेल, तर दोन वाघांचे चेहरे नवख्या माणसाला सारखेच वाटतात. व्याघ्रगणनेतही केवळ डोळ्यांनी पटलेल्या ओळखीवर भिस्त ठेवली जात नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना लावलेले कॅमेरे वाघाच्या दोन्ही कुशी टिपतात आणि त्यांवरील पट्टे संगणकाच्या साहाय्याने ताडून पाहिले जातात.

माणसाच्या चेहऱ्याबाबत मेंदूची रीत निराळी आहे. नाक, डोळे, ओठ सुटेसुटे न तपासता त्यांची परस्पर मांडणी तो एका दृष्टिक्षेपात ग्रहण करतो. छायाचित्र उलटे धरले की ही मांडणी हरवते आणि ओळख पटेनाशी होते. घर किंवा विमान यांच्या उलट्या चित्रांनी तेवढा घोटाळा होत नाही, हे रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. चेहरे पाहताना विशेष सक्रिय होणारा मेंदूचा भाग नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवला. त्या परिसराला इजा झाली तर सख्ख्या माणसालाही आवाजावरून ओळखण्याची पाळी येऊ शकते.

हे कौशल्य मात्र मुख्यतः परिचितांपुरतेच पक्के असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटनमधील लोकांपुढे ४० छायाचित्रे ठेवून, माणसागणिक त्यांचे गट करण्यास सांगितले गेले. त्यांनी साधारणपणे सात-आठ गट केले. प्रत्यक्षात छायाचित्रे दोनच डच व्यक्तींची होती! त्या व्यक्ती ठाऊक असलेल्या डच लोकांना मात्र हे काम सोपे गेले. प्रकाश, कोन, केशरचना बदलली की अनोळखी चेहरा आपल्याला दुसऱ्याच माणसाचा वाटतो.

अंधारात क्षणभर पाहिलेल्या हल्लेखोराला ओळखणाऱ्या साक्षीदाराची स्थिती याहून बिकट असते. तो खोटे बोलत नसतो, उलट त्याला पूर्ण खात्री असते. आणि न्यायालयात हीच खात्री सर्वांत फसवी ठरण्याचा धोका असतो. म्हणूनच आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांमध्ये उभे करून ओळख परेड घेतली जाते. हा मूळ पुरावा नव्हे, तर न्यायालयातील ओळखीला पुष्टी देणारा पुरावा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. परेडपूर्वी साक्षीदाराने आरोपीला पाहिले असेल, तर तिचे मोल उरत नाही. अटकेतील संशयिताचा चेहरा कापडाने झाकून नेतात, तो त्यासाठीच.

आता त्याच संशयिताचे छायाचित्र परेडपूर्वीच मोबाइलवरून गावभर फिरू शकते. नंतर साक्षीदार बोट दाखवतो, तेव्हा तो चेहरा घटनेच्या रात्रीचा की मोबाइलवरचा, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.