गालिचा-वनस्पती : मत्स्यालयाच्या तळाची हिरवळ

व्याख्या : उंच न वाढता तळाच्या मातीवर आडवे धुमारे पसरून अखंड हिरवळ निर्माण करणाऱ्या या नाजूक जलवनस्पतींचा प्रसार मुख्यतः जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या निसर्गसदृश मत्स्यालयांमुळे झाला.

जाती : क्यूबाची हेमिॲन्थस, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची ग्लॉसोस्टिग्मा, तृणवत् एलिओकॅरिस. भारतातही आढळणारी युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया विशेष कुतूहलाची. तिला खरी मुळे नसतात आणि ती सूक्ष्म पिशव्यांत जीवजंतू पकडते.

प्रकाश व वायू : जेथे प्रकाश प्रखर, परंतु त्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइडची तजवीज नाही, तेथे रोपांऐवजी शेवाळच फोफावते, म्हणून प्रकाश प्रारंभी सहा ते आठ तासच देऊन, वायूचे प्रमाण दर लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम असे स्थिर राखण्याचा शिरस्ता आहे. याहून अधिक मात्रा माशांना घातक ठरू शकते. अंधारात वनस्पती हा वायू शोषत नाहीत. सबब रात्री पुरवठा बंद.

माती व पाणी : कण १ ते ३ मिलिमीटर, तापमान २२ ते २६ अंश सेल्सिअस.

छाटणी : हेमिॲन्थसचा थर दाट होऊन खालच्या पानांना प्रकाश मिळेनासा झाला, की ती कुजतात, मुळांची पकड सुटते आणि संपूर्ण गालिचाच उचलला जाऊन पाण्यावर तरंगू लागतो. त्यापूर्वीच कात्री चालवावी व कापलेले तुकडे जाळीने तत्काळ काढावेत.