'ओले'ला ओले चालत नाही

सीमाभागातल्या दुभाषी घरात 'ओले' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. मराठीत ओले म्हणजे भिजलेले आणि कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल. सासूबाई "ओले हच्चु" म्हणाल्या, की मराठी माहेरच्या सुनेला वाटायचे, काहीतरी भिजत घालायचे आहे! थंड देशांतल्या घरांत मात्र एक अशी शेगडी असते, की तिच्याबाबतीत हे दोन्ही शब्द एकमेकांचे वैरी आहेत. ती म्हणजे पेलेटची शेगडी.

आपल्याला तिचे काय, असे कोणी म्हणेल. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लेकी आज अमेरिका-कॅनडात नांदत आहेत आणि त्यांच्या बाळंतपणासाठी आई भर हिवाळ्यात तिकडे जाते. लेक-जावई बाहेर, घरात आजी आणि तान्हे बाळ, दारात बर्फ, आणि अशात शेगडी विझली तर? काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे माहीत असलेले बरे.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. आपल्या गोठ्यातली कांडी पेंड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. शेगडीच्या मागच्या पेटीत या कांड्या ओततात. पेटीच्या तळाशी मळसूत्री दांडा असतो. मोटार त्याला थोडे फिरवते, थांबते, पुन्हा फिरवते. दांडा मूठभर कांड्या वर चढवतो आणि त्या जळत्या भांड्यात पडतात. धूर बाहेर ओढायला पंखा असतो. हे सारे विजेवर चालते. वीज गेली, की शेगडीही बंद.

कांड्या पडेनाशा झाल्या, तर आधी पेटीत डोकावावे. ती रिकामी आहे का? झाकण नीट बसले आहे का? कित्येक शेगड्यांत झाकण उघडे राहिले, की मोटार फिरतच नाही. मग कान देऊन ऐकावे.

मोटारीचा आवाज येतो, पण कांडी पडत नाही, असे असेल तर अडचण पेटीत किंवा दांड्यात आहे. कधी कांड्या एकमेकींत अडकून कमान धरतात आणि खाली दांडा रिकामाच फिरतो. अशा वेळी शेगडी बंद करून लाकडी काठीने त्या मोकळ्या कराव्यात. कधी तळाशी भुसा साचून दट्ट्या बसतो. कधी दांडा आणि मोटार जोडणारा स्क्रू ढिला होतो.

मोटार गुरगुरते, पण फिरत नाही, म्हणजे दांड्यात काही अडकले आहे. बहुधा ओल लागून फुगलेल्या कांड्याच असतात. चांगल्या कांडीत ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो. पाणी लागले, की तिचा पुन्हा भुसा होतो आणि तो नळीत घट्ट बसतो. म्हणून १८ किलोची ती पिशवी जमिनीवर किंवा उघड्या ओसरीत न ठेवता फळीवर, कोरड्या जागी ठेवावी. अडकलेले काढताना प्लग काढून, शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. मगच पेटीत हात घालावा.

आणि मोटारीचा आवाजच नसेल तर? तिथे घाई करू नये. बहुतेक वेळा शेगडी तेव्हा मुद्दाम थांबलेली असते. धुराच्या वाटेत राख साचली, दाराची दोरी झिजून हवा आत येऊ लागली किंवा शेगडी फार तापली, तर आतले सुरक्षा-स्विच मोटारीची वीज तोडतात. धुराला वाट नसताना आणखी कांड्या जळू नयेत, हाच त्यामागचा हेतू. राख साफ केली, दार नीट लावले, की पुष्कळदा शेगडी आपणहून चालू लागते. पण "तो स्विच जोडून टाकू या" असे कोणी सुचवले, तर ठाम नकार द्यावा. कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. झोपेत तो जीव घेतो. शेगडीच्या घरात त्याची सूचना देणारा गजर हवाच.

दुसरे, आपल्याकडची रॉकेलची सवय तिथे नेऊ नये. पेट घेईना म्हणून भांड्यात रॉकेल ओतणे, किंवा न पेटलेल्या कांड्यांचा ढीग तसाच ठेवून पुन्हा बटण दाबणे, दोन्ही धोक्याचे. ढीग आधी काढावा. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी. तिच्यातला निखारा कित्येक तास जिवंत राहतो.

कांड्यांची चूल आपल्या मुलखालाही अगदीच परकी नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली 'ऊर्जा' ही शेगडी २००६ पासून महाराष्ट्र-कर्नाटकात विकली जाऊ लागली होती. तिला मळसूत्र नव्हते, कांड्या आधीच भरायच्या आणि छोटा पंखा हवा द्यायचा. पण कोरड्या कांडीचा नियम तोच.

एवढे करूनही शेगडी चालेना, तर ती बंदच ठेवून कारागिराला बोलवावे आणि तोवर बाळाला दुसऱ्या उबेच्या खोलीत न्यावे. हे कात्रण जपून ठेवा. तिकडे निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, ते सहज मावेल.