पूरसूचनेची भाषा
पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व पुण्यात महापूर आला. धोक्याची वार्ता वेळीच व स्पष्टपणे कळणे, ही सुरक्षिततेची पहिली अट होय. खडकवासल्यातून मुठेत सोडलेल्या पाण्याचा विसर्ग आज क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर. परंतु पाणी आपल्या उंबरठ्याशी येईल किंवा कसे, हे नदीकाठच्या रहिवाशास त्या आकड्यावरून उमगत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे चौथे कलम माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा विचारात घेण्यास सांगते. केवळ शब्द मराठी असल्याने हा हेतू सफल होत नाही. कोणता पूल बुडेल, कोणी व केव्हा घर सोडावे, हे आकड्याच्या जोडीला सांगितले, तरच ती सूचना ठरते.