बोका घरात मूत्राची फवारणी का करतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या हडपसर भागातील एका सदनिकेत ३०० हून अधिक मांजरे आढळली. दुर्गंधीने हैराण झालेल्या शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि मांजरे हलविण्याची नोटीस प्रशासनाला बजावावी लागली. हे उदाहरण टोकाचे खरे. परंतु घरात एकच बोका असला तरी दुर्गंधीचा प्रश्न उद्भवतो आणि त्यापायी पाळलेले जनावर रस्त्यावर सोडून दिले जाते. सबळ कारणाविना प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते.

भिंतीकडे किंवा पडद्याकडे पाठ करून, शेपटी ताठ उभारून व ती थरथरवीत बोका मागच्या बाजूस मूत्राची पिचकारी सोडतो. तो खोडी काढत नसतो. आपल्या हद्दीची खूण करीत असतो. ताडोबातील वाघही झाडांच्या बुंध्यांवर हेच करतो. वाघाच्या या फवाऱ्यात बासमतीला सुगंध देणारेच द्रव्य असते, असे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. बोक्याच्या धन्याच्या नशिबी मात्र हा सुगंध नाही. मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्याचे विघटन होऊ लागले की दर्प वाढत जातो. खच्चीकरण न झालेल्या बोक्यात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते.

म्हणूनच खच्चीकरण हा पहिला उपाय होय. या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ बोके फवारणी थांबवितात किंवा बरीच कमी करतात. मांजर सहाव्या महिन्याच्या आसपास वयात येते. त्याआधीच ती उरकणे हिताचे. उरलेल्यांच्या बाबतीत कारण शोधावे लागते. खिडकीबाहेर फिरकणारा परका बोका, घरात आलेले दुसरे मांजर, नवे सामान, घरबदल, यांपैकी काहीही निमित्त पुरते. खिडकीचा खालचा भाग झाकल्यानेही फरक पडतो. शौचासाठीच्या वाळूच्या पेट्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असाव्यात व त्या रोज साफ व्हाव्यात. मारल्याने किंवा ओरडल्याने भीती वाढते आणि फवारणीही वाढते.

डाग धुताना आपल्याकडे हात सवयीने फिनेलकडे जातो. ते टाळावे. फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराचे यकृत नीट निष्प्रभ करू शकत नाही, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. अमोनियायुक्त द्रव तर मुळीच नको. त्याचा वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने मांजर पुन्हा तेथेच येते. विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेला, क्लीनर वापरणे उत्तम. एवढ्यानेही भागले नाही तर पशुवैद्य फ्लुओक्सेटिनसारखे औषध देतात. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात व ते स्वतःच्या मनाने देऊ नये.

मांजर बसून जमिनीवर थारोळे करीत असेल, तर ती बहुधा फवारणी नसते. पेटी न आवडणे, मूत्राशयाचा दाह किंवा खडे ही त्याची कारणे असू शकतात. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. अशा वेळी एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतात. त्याला सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.