भूगर्भातील धनाचा शोध : भिलाईची पूर्वकथा

नागपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्टेशने मागे पडून दुर्ग आले, की थोड्याच वेळात भिलाईच्या कारखान्याची उंच धुराडी दिसू लागतात. या कारखान्याचा इतिहास सामान्यतः १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारापासून सांगितला जातो. वस्तुतः त्याची पहिली अक्षरे त्यापूर्वी जवळजवळ सत्तर वर्षे आधीच, एका भूस्तरशास्त्रज्ञाच्या टिपणवहीत लिहिली गेली होती.

प्रमथनाथ बोस हे त्या शास्त्रज्ञाचे नाव. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते १८८० साली भारतीय भूस्तर सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. छत्तीसगडच्या रानावनांतून हिंडताना त्यांनी रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्याची पाहणी केली आणि तिचा वृत्तांत १८८७ साली प्रसिद्ध झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वातच आला नव्हता. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांतून, लोणारी कोळशावर लोखंड गाळले जात असे. जेथे अशी भट्टी आहे, तेथे जवळपास लोहपाषाण असणारच. भूस्तरशास्त्रज्ञाला वाट दाखवणारे पहिले वाटाडे पुष्कळदा असे स्थानिक कारागीरच असतात.

पुढे काही वर्षांनी ही माहिती एका विलक्षण योगाने जागी झाली. नागपूरला एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजी टाटांच्या मनात १८८२ सालापासून लोखंडाच्या कारखान्याचा विचार घोळत होता. त्या वर्षी चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजासंबंधी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला होता. अनेक वर्षांनंतर अमेरिकेहून आलेल्या वेल्ड या तज्ज्ञाने चांद्याचा मुलूख धुंडाळला. खनिज उत्तम होते, परंतु ते विखुरलेले होते, आणि वरोऱ्याच्या कोळशापासून भट्टीला लागणारा कोक होत नव्हता. बेत सोडून द्यावा असे ठरले. तो निर्णय कळवण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरला गेले असता, अधिकाऱ्यांची भेट होईपर्यंतचा वेळ घालवण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा एक रंगीत भूस्तर-नकाशा टांगलेला होता. त्यात दुर्गच्या बाजूला लोहखनिजाची खूण करणारा गडद रंग त्यांच्या दृष्टीस पडला, अशी हकीकत सांगतात. त्या मागावर दोराबजी आणि वेल्ड दल्ली-राजहराच्या डोंगरांवर गेले. पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता.

हा डोंगर घडला कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे. सुमारे दोन अब्ज वर्षांहूनही पूर्वी प्राचीन समुद्राच्या तळाशी लोह आणि सिलिका यांचे पातळ थर एकाआड एक साचत गेले. त्यांचे पट्टेदार खडक बनले. नंतर दीर्घ काळ मुरणाऱ्या पाण्याने त्यांतील सिलिका वाहून नेली आणि लोहाचा अंश मागे राहिला. त्यामुळे उत्तम प्रतीच्या हेमॅटाइटात निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग शुद्ध लोखंडाचा असतो.

तरीही कारखाना तेथे झाला नाही. लोहपाषाण हाताशी असला, तरी कोक होणारा कोळसा फार दूर होता, आणि पुरेशा पाण्याचीही अडचण होती. एवढ्यात सरकारी नोकरी सोडून मयूरभंज संस्थानात गेलेल्या बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्र लिहिले. गोरुमहिसानीच्या डोंगरात भरपूर लोहखनिज असून झरियाचा कोळसा तेथून जवळ आहे, असे त्यांनी कळवले. टाटांचे पाऊल पूर्वेकडे वळले, साकची येथे जमशेदपूर उभे राहिले, आणि दल्ली-राजहरा पुन्हा आपल्या रानात एकाकी राहिला.

तेव्हा खनिज सापडणे आणि खनिज उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दल्लीचा डोंगर १९०४ साली होता तसाच १९५५ सालीही होता. बदलली होती ती त्याच्या भोवतालची परिस्थिती. नंदिनीचा चुनखडक जवळ होताच, तांदुळा नदीवर दरम्यान धरण झाले होते, मुख्य रेल्वेमार्ग हाताशी होता. कोळसा दुरून आणावा लागला, तरी स्वतंत्र राष्ट्राने तो भार पत्करण्याचे ठरवले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

लोहाचा डोंगर निदान डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. युरेनियमचा शोध याहून कितीतरी अवघड. पृथ्वीच्या कवचात ते सरासरीने टनामागे दोन-तीन ग्रॅमच असते, आणि जादूगोड्याच्या खाणीतील खनिजातही हजार भागांत एक भागसुद्धा युरेनियम नसते. त्याचा माग लागतो तो किरणोत्सर्गामुळे. युरेनियमपासून क्रमाक्रमाने जी द्रव्ये उत्पन्न होतात, त्यांपैकी काहींतून गॅमा किरण बाहेर पडतात आणि गायगर गणक ते मोजतो. परंतु अर्धा-पाऊण मीटर जाडीची माती हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. साध्या ग्रॅनाइटातील पोटॅशियम आणि थोरियमही काटा हलवतात. कधी पाण्याने मूळ युरेनियम वाहून गेलेले असते आणि केवळ त्याची संतती मागे राहून साक्ष देत असते. म्हणून विहिरींचे पाणी तपासणे, मातीतील रेडॉन वायू मोजणे, विंधनछिद्रांत गणक सोडणे, आणि अखेरीस प्रयोगशाळेत खडकाचे पृथक्करण करणे, अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

आज अणुशक्ती विभागात असलेली खनिजशोधक संस्था १९४९ साली लहानशा तुकडीच्या रूपाने सुरू झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी राजनांदगावच्या जुन्या जिल्ह्यात बोदल येथे युरेनियम शोधून काढले आणि शोधखाण खणून त्याची परीक्षा केली. तेथे व्यापारी खाण मात्र उभी राहिली नाही. भिलाईच्या पश्चिमेकडील हे खनिज पन्नास वर्षांपूर्वीच्या दल्लीप्रमाणे केवळ नकाशावर राहिले. म्हणून तो शोध व्यर्थ गेला असे म्हणता येईल काय? बोस यांच्या टिपणांकडे पाहिले, तर तसे म्हणवत नाही.

इकडे दल्ली-राजहराचे उत्तम खनिज मात्र संपत आले आहे. जे साठण्यास युगे लागली, ते एका कारखान्याने दोन-तीन पिढ्यांत वापरले. भिलाईची दृष्टी आता दक्षिणेकडे रावघाटच्या डोंगरांकडे लागली असून त्या दिशेने रेल्वेही नेण्यात आली आहे. तेथे दाट अरण्य आहे आणि आदिवासींची गावे आहेत. खनिजाची किंमत ठरवताना कोळसा आणि पाणी यांच्याबरोबर जंगल आणि माणसे यांचाही हिशेब मांडला पाहिजे, हे जुन्या काळी कोणी फारसे बोलत नसे; आज ते टाळता येत नाही.

शेतातले धान्य पुढच्या वर्षी पुन्हा पिकते. खनिजाचे पीक मात्र एकदाच येते. म्हणूनच एक खाण भरात असतानाच दुसरीचा शोध सुरू करावा लागतो, आणि शोधणाऱ्याने जे पाहिले ते, तत्काळ उपयोग असो वा नसो, काटेकोरपणे नोंदवून ठेवावे लागते. नागपूरच्या भिंतीवर टांगलेल्या त्या नकाशाचे मोल कळण्यास अर्धे शतक जावे लागले. परंतु तो नकाशा अचूक होता, म्हणूनच ते कळू शकले.