बटण दाबण्याआधीचं शिक्षण

बारावी सायन्स झालेल्या मुलाने किंवा मुलीने रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ, व्हायचं म्हटलं, की घरातलं कुणीतरी विचारतं, "बटण दाबायला दोन-तीन वर्षं कशाला शिकायचं?" मध्य प्रदेशातल्या धारजवळच्या तिरल्यासारख्या गावात तर हा प्रश्न यायलाच नको. या पट्ट्यात छातीच्या एका फोटोवर काय काय अवलंबून असतं, हे अनेक घरांनी सोसून पाहिलेलं आहे.

धार, झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर वर्षानुवर्षं गुजरातेत गोध्रा, बालासिनोर भागातल्या गारेचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत जात. त्या बारीक धुळीने फुफ्फुसं कायमची निकामी होतात. आजाराचं नाव सिलिकॉसिस. त्यावर बरं करणारं औषध नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हे प्रकरण हाती घेतलं आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत, असा आदेश गुजरात सरकारला दिला.

सिलिकॉसिस ओळखताना कामाचा इतिहास आणि छातीचा एक्स-रे या दोन गोष्टींचा मोठा आधार असतो. फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके दिसतात, आणि ते पाहून क्षयरोग समजण्याची चूकही सहज होते. मग क्षयाची औषधं चालू राहतात आणि नुकसानभरपाईचा विषयच निघत नाही. आता हे ठिपके दिसणं-न दिसणं फोटो काढणाऱ्याच्या हातात कसं असतं ते पाहा. एक्स्पोजर कमी पडलं, तर निरोगी फुफ्फुसातही सावल्या ठळक वाटतात. जास्त झालं, तर खरे ठिपके पुसून जातात. रुग्णाने खांदे पुढे घेतले नाहीत, तर खांद्याची पाती नेमकी फुफ्फुसांच्या वरच्या भागावर येतात. श्वास अर्धवट घेतला, तर फुफ्फुसाचा तळ दाटून येतो आणि नसलेला आजार दिसू लागतो. धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकारांच्या फोटोंची प्रतवारी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पद्धत जगभर वापरतात. त्या पद्धतीत आजाराबरोबर फोटोच्या दर्जालाही 1 ते 4 अशी श्रेणी देतात. 4 म्हणजे फोटो निकालासाठी निरुपयोगी. ही श्रेणी मजुराच्या फुफ्फुसाची नसते, फोटो काढणाऱ्याच्या कामाची असते.

म्हणून अभ्यासक्रमात शरीररचना आणि शरीरक्रिया येतात, किरणांचं भौतिकशास्त्र येतं, आणि प्रत्येक सांध्यासाठी, प्रत्येक हाडासाठी रुग्णाला कसं उभं करायचं, किरण कुठल्या कोनातून सोडायचे, हे पोझिशनिंग महिनोन्‌महिने घोटून घेतात. छातीचा फोटो उभ्याने, पाठीमागून, साधारण 180 सेंटीमीटर अंतरावरून का काढायचा? कारण खाटेवर समोरून, जवळून काढलेल्या फोटोत हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हे ठाऊक नसलेला माणूस धडधाकट रुग्णालाही हृदयरोगाच्या तपासण्यांच्या मागे लावू शकतो. आणि हे सगळं करताना भिली किंवा भिलाली बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला "श्वास भरा, धरून ठेवा" हे तिला कळेल अशा रीतीने सांगता आलं पाहिजे. माझ्या मते या भागात वाढलेल्या मुलांची ही मोठी जमेची बाजू आहे, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते.

बटणाच्या प्रश्नापेक्षा किरणांची भीती जास्त खोलवरची. "किरणांत काम केलं की केस जातात, मूल होत नाही, मुलीला तर या लाइनला पाठवूच नये." ही भीती हवेतून आलेली नाही. विल्हेल्म रॉन्टगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी हे किरण शोधले आणि पुढची काही दशकं डॉक्टर-तंत्रज्ञ उघड्या हातांनी त्यांच्याशी खेळत राहिले. अनेकांची बोटं झडली, कित्येक कर्करोगाने गेले. त्यांच्या स्मरणार्थ जर्मनीत हॅम्बुर्गला 1936 मध्ये स्मारकही उभारलं गेलं. आज एक्स-रे विभागात जे नियम आहेत, ते त्या माणसांच्या हालातून तयार झाले आहेत.

भारतात हे नियम मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे असतात. हे मंडळ 1983 मध्ये स्थापन झालं. किरणांच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा आहे. तुलनेसाठी: माती, हवा, अन्न आणि आकाशातून प्रत्येक माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत रुग्णाला मिळतात 0.1 मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी. केस गळायला त्वचेवर एकाच वेळी 3000 ते 4000 मिलिग्रे (एक्स-रेच्या बाबतीत हे माप ढोबळमानाने मिलिसिव्हर्टइतकंच) इतका मारा व्हावा लागतो. नीट चालवलेल्या एक्स-रे खोलीत, पडद्यामागे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत असा आकडा संभवत नाही.

यंत्र बंद झालं की किरणही थांबतात. खोलीत काही साचून राहत नाही, भिंतीला किंवा रुग्णाच्या अंगाला काही चिकटत नाही. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून वेळ, अंतर आणि आडोसा या तीन गोष्टींची सवय लावतात. इथे एक गैरसमज खुद्द विद्यार्थ्यांतही सापडतो: टीएलडी बॅज लावला की संरक्षण मिळालं. बॅज संरक्षण करत नाही. तो छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा असतो आणि त्या अवधीत शरीराला किती मात्रा लागली एवढंच नोंदवतो. तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. संरक्षण ॲप्रन करतो, भिंत करते आणि तुमची शिस्त करते. बॅज खुंटीला टांगून काम करणारा स्वतःचाच पुरावा नष्ट करत असतो.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. स्त्रियांना या कामात कायद्याने मज्जाव नाही. गर्भवती असल्याचं कळवलं, की त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा लागणार नाही, अशा बेताने काम द्यावं लागतं. नोकरी सोडण्याचं कारण नाही, लपवण्याचंही नाही. पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी एक्स-रे यंत्रं बसवलेल्या मोटारी रणभूमीजवळ नेल्या आणि ती यंत्रं चालवायला सुमारे दीडशे स्त्रियांना शिकवलं. स्त्रिया या कामात तेव्हापासूनच आहेत.

एमआरआयबद्दल मात्र उलटाच गैरसमज आहे. त्यात क्ष-किरण नसतात म्हणून लोक तिथे निर्धास्त होतात. पण दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास तीस हजार पट असतं आणि तपासणी चालू नसतानाही ते चालूच असतं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत एक तरुण ऑक्सिजनच्या सिलिंडरसह यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. दारात उभं राहून प्रत्येकाला थांबवणं, अगदी घाईत असलेल्या डॉक्टरलाही, हेही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

"रेडिओग्राफर म्हणजे अर्धा डॉक्टर, रिपोर्ट तोच देतो" असंही म्हणतात. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतो. तो एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. सोनोग्राफीही भारतात डॉक्टरच करतात, आणि गर्भवतीच्या बाबतीत तर 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा पात्रता नसलेल्या हातात यंत्र देऊच देत नाही. हा घोळ बऱ्याचदा इंग्लंडमधल्या नातेवाइकांमुळे होतो. तिथे रेडिओग्राफर पुढचं शिक्षण घेऊन सोनोग्राफी करतात, काही जण फोटोंचे रिपोर्टही लिहितात. इथली पदविका घेऊन ते काम करता येईल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

संगणक फोटो वाचू लागल्याने ही नोकरीच जाणार, ही भीती नवी आहे. क्षयाच्या तपासणीत 15 वर्षांवरील लोकांचे छातीचे फोटो संगणकाकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली, हे खरं. पण संगणक वाचतो तो काढलेला फोटो. हातात धरायची एक्स-रे यंत्रं आता गावोगावी शिबिरांत पोचत आहेत. त्यामुळे माणसं कमी नाही, जास्तच लागतील असं मला वाटतं.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: "सहा महिन्यांचं सर्टिफिकेट चालतं." धार-देवासच्या मराठी घरांत पुण्या-नाशिकचे पाहुणे सल्ला देतात, इंदूरचे एजंट फोन करतात, आणि मूल पैसे भरून मोकळं होतं. पदविका आणि पदवी या दोन वाटा सरळ आहेत. दोन्हींना बारावी विज्ञान लागतं. मध्य प्रदेशात नोंदणी भोपाळच्या सह-चिकित्सीय परिषदेकडे आणि महाराष्ट्रात तिथल्या पॅरावैद्यक परिषदेकडे, अशी आजवरची पद्धत. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला आणि पदवीच्या पातळीसाठी किमान 3600 तासांचं शिक्षण ठरवलं. परिषदेने न मानलेल्या संस्थेचा कागद सरकारी भरतीत टिकत नाही.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत स्वतः जा. मान्यतेचं पत्र मागा आणि परिषदेकडून पडताळून घ्या. स्वतःचं रुग्णालय आहे का, नसेल तर कुठल्या रुग्णालयाशी लेखी करार आहे, ते विचारा. सीटी-एमआरआयवर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती आठवडे मिळतात, आणि विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज देतात का, हे शेवटच्या वर्षातल्या मुलांनाच विचारा. ऑफिसातल्या माणसाला नको. बॅज मिळत नाही असं उत्तर आलं, तर तिथे पैसे भरू नका.